नोंदणीकृत भामटा

परशराम कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी श्रीपादराव हेर्लेकरांच्या दारात पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा त्याची जी तपासणी झाली, तशी कणकुंबीच्या नाक्यावर गोव्याहून येणाऱ्या ट्रकचीही होत नसेल. आधी जाळीच्या दारातून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळण्यात आलं. मग चपला काढायला लावल्या, पाय धुवायला लावले. गाव विचारलं, गल्ली विचारली, शाळा मराठी की कन्नड ते विचारलं. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, आजोबांच्या जमिनीचा सर्व्हे नंबर आणि त्या जमिनीच्या चतुःसीमा विचारल्या. स्क्रूड्रायव्हर उजेडाकडे धरून दोन्ही टोकांनी तपासला. परशराम पुढं गावात सांगायचा की आपण दारात उभे राहिलो तेव्हा अंगणातल्या आंब्याला मोहर होता आणि आत पाऊल टाकलं तेव्हा पाड लागला होता.

"ये आत," शेवटी श्रीपादराव म्हणाले. "पण तू चोर आहेस हे मी धरूनच चाललोय."

यात वैयक्तिक काही नव्हतं. श्रीपादरावांची सगळी नोकरी नोंदणी खात्यात गेली होती. समोर आलेला प्रत्येक माणूस दुसऱ्याची जमीन स्वतःच्या नावावर करायला आलाय, या श्रद्धेवर त्यांनी ती पार पाडली. निवृत्त झाल्यावर ते बेळगावच्या शहापुरातल्या राहत्या घरी आत्मचरित्र लिहायला बसले. नाव आधीच ठरलं होतं : 'नोंदणीकृत आयुष्य'. अडचण एवढीच, की एका बोटानं टाइप करत ते प्रकरणाच्या मध्यावर पोचले की कॉम्प्युटर डोळे मिटायचा आणि लगेच उघडायचा, जसं काही झालंच नाही. तोवर लिहिलेलं सगळं गेलेलं असायचं. मधेमधे 'सेव्ह' करा, असं त्यांना कुणीही सांगितलं असतं. पण अपुरा दस्त दप्तरी दाखल करायचा नसतो, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. प्रकरण पुरं झाल्याखेरीज ते त्या बटणाला हात लावत नसत.

परशराम हा मूळचा कडोलीचा, शेतकरी घरातला. खडेबाजारात कपाटाएवढं दुकान, त्यावर दुकानापेक्षा मोठी पाटी. मदरबोर्डाकडं आपण नुसतं रागानं बघितलं तरी तो सुरू होतो, असं तो गिऱ्हाइकाला सांगे आणि खरं म्हणजे त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. हुशार होता, हात चांगला होता. पण "माहीत न्हाय" हे दोन शब्द त्यानं जन्मात कधी जोडीनं उच्चारले नव्हते. दोष सापडला नाही, तरी दोषाचं नाव त्याच्याकडं तयार असायचं.

पहिल्या खेपेला त्यानं रॅमची पट्टी काढली आणि खिशातल्या खोडरबरानं घासली. श्रीपादराव बघत राहिले. खोडरबर कशाला, असं त्यांनी विचारलं, तेव्हा धूळ बसली की मेमरी जाते, असं तो म्हणाला. माझी मेमरी शाबूत आहे, असं श्रीपादरावांनी बजावलं. दुसऱ्या खेपेला त्यानं पॉवर सप्लाय बदलला. तिसऱ्या खेपेला शहापूरच्या विजेवर ठपका ठेवून स्टॅबिलायझर बसवून घेतला. पुढं एकदा कॉम्प्युटर दुकानात नेला. तिथं तो दिवसच्या दिवस डोळा न मिटता चालला. परशराम तो छाती काढून परत घेऊन आला आणि त्याची स्कूटर गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत फोन वाजला.

"दुकानात झ्याक चालत होता की, काका."

"मग त्याला तुझं दुकान आवडलं असेल. तू इथं राहायला ये आणि तो तिकडं जाऊ दे."

असा त्यांचा संवाद. एकमेकांशी प्रेमानं बोललेलं वाक्य एकही नाही. परशराम त्यांच्या घरचा चहा घ्यायचा तोसुद्धा सूड म्हणून, दोनदा मागून.

चहा करणाऱ्या बेबीकाकू, म्हणजे श्रीपादरावांच्या पत्नी. घरातल्या प्रत्येक वस्तूला कपडा घालायचं त्यांना व्यसन होतं. टीव्हीला, मिक्सरला, गॅसच्या सिलिंडरलाही. कॉम्प्युटरच्या डब्याला तर त्यांनी जाड लोकरीचं, आतून अस्तर लावलेलं, पाठीमागं नाड्या असलेलं झबलं विणलं होतं. आधी ते लाल-पिवळ्या लोकरीचं होतं, पण बेळगावात हे रंग कन्नडवाल्यांच्या झेंड्याचे आहेत ते ध्यानात आल्यावर श्रीपादरावांनी उसवायला लावलं आणि केशरी करून घेतलं. काम झालं की परशरामनं झबलं पहिल्यासारखं घालून नाड्या नीट बांधल्याशिवाय काकू त्याला सोडत नसत.

नोव्हेंबरात श्रीपादराव हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते. ते जिवंत आहेत हे तिथं सिद्ध होत असताना परशराम त्यांच्या घरी पुन्हा बोलावणं आलं म्हणून आला. झबलं धुवून दोरीवर वाळत होतं. त्यानं कॉम्प्युटर सुरू केला. लिहिताना बंद पडतो ना, मग लिहिलेलंच उघडून बसू, म्हणून त्यानं फाइल उघडली. प्रकरणाचं नाव होतं 'मला भेटलेले भामटे'.

त्यात तो होता. सुरुवातीलाच.

'परशराम नामक इसम, राहणार कडोली, हा अट्टल, अस्सल व वंशपरंपरागत भामटा असून त्याने आमच्या यंत्राच्या रॅम नामक अवयवास खोडरबर घासून आमचा विश्वास संपादन केला.' पुढं दीड पान.

काकूंनी भाजी चिरता चिरता माहिती पुरवली, की पहिल्यांदा नुसतं 'भामटा' एवढंच होतं. पण कॉम्प्युटर बंद पडून मजकूर जायचा, आणि पुन्हा लिहिताना ह्यांचा राग एकेक शब्दानं वाढायचा. म्हणजे 'अट्टल' त्याला पॉवर सप्लायबद्दल मिळालं होतं आणि 'वंशपरंपरागत' स्टॅबिलायझरबद्दल. पुस्तक जानेवारीत येणार, असंही त्या म्हणाल्या. कुठं, म्हणून त्यानं विचारलं.

"तुमच्याच कडोलीत. साहित्य संमेलनात टेबल लावणार आहेत."

 दुसऱ्या कुठल्या गावात पुस्तक आलं असतं तर परशरामनं थुंकून टाकलं असतं. पण कडोलीत वर्षातून एकदा सगळं गाव पुस्तकांपुढं बसतं. त्यानं लहानपणी त्या मांडवात खुर्च्या वाहिल्या होत्या. त्याचे सासरे मारुतीराव पहिल्या रांगेत बसून प्रत्येक पुस्तकाचं मलपृष्ठ वाचतात आणि घरी येऊन सगळ्यांना सांगतात. बायको नीलम एकुलती एक. 'वंशपरंपरागत' म्हटल्यावर वडीलही आले, पोरंही आली.

तो वाचत असतानाच श्रीपादराव परतले. दारातूनच त्यांना पडद्यावर आपला मजकूर आणि त्यापुढं भामटा दिसला.

"दुसऱ्याचं लेखन चोरून वाचतोस?"

"दुसऱ्याचं कुठलं? माझ्यावरच लिवलंय न्हवं. माझंच हाय ते."

"छापण्याआधी वाचलंस. हा वेगळा गुन्हा. तोही घालतो."

"काका, तेवढं नाव काढा. बाकी काय पायजे ते लिवा."

"नोंदलेला दस्त पुसला जात नाही."

भांडण मग रंगलं. श्रीपादरावांनी त्याचं कसब काढलं, त्यानं त्यांचं शुद्धलेखन काढलं. पेन्शन निघाली, खातं निघालं, त्या खात्यात सातबाऱ्यावर हिंडणारी बोटं निघाली. एवढ्यात काकू दोरीवरचं झबलं घेऊन आल्या आणि दोघांच्या मधून हात घालून त्यांनी ते डब्याला घातलं, नाड्या बांधल्या. भांडण चालू राहिलं. परशरामच्या अर्ध्या वाक्यात पडदा काळा झाला आणि पुन्हा उजळला.

परशराम डब्याकडं वळला. सकाळपासून हे यंत्र अखंड चाललं होतं. त्यानं झबल्याच्या पाठीमागं हात घातला. गरम हवा बाहेर टाकणारा पंखा अस्तराला चिकटून घरघरत होता आणि डबा तव्यासारखा तापला होता. दुकानात तो का चालला, ते त्याला कळलं. आणि प्रत्येक खेपेला निघताना हे झबलं घालून नाड्या कुणी आवळल्या, तेही आठवलं.

आता गंमत बघा. तो गप्प बसता तर पुस्तक पुरं होत नव्हतं. छापखान्याची मुदत जवळ आली होती आणि आणखी एक प्रकरण बाकी होतं. काकूंनाही सगळं समजलं होतं. त्यांच्या स्वयंपाकावरही त्या पुस्तकात मजकूर होता, त्यामुळं त्यांनी परशरामकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. दोन घरांची अब्रू त्याच्या जिभेवर होती. पण सापडलेला दोष पोटात ठेवायची त्या जिभेला सवय नव्हती. शिवाय त्याला एक आशा वाटली, की मर्म सांगितलं तर म्हातारा विरघळेल.

"सापडलं, काका. झबल्यानं तापतोय. काढून टाका, झालं."

श्रीपादरावांनी झबल्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा इतका प्रसन्न त्या घरात कुणी पाहिला नव्हता.

"हे झबलं दर खेपेला कुणी घातलं?"

"मीच."

"नाड्या?"

"मीच बांधल्या."

"आणि दोष कुणाला दिलास? रॅमला. सप्लायला. सबंध शहापूरच्या विजेला. कबूल?"

"कबूल."

"ऊठ त्या खुर्चीवरून."

श्रीपादराव टाइप करायला बसले. झबलं काढून ठेवलेलं होतं. कॉम्प्युटरनं एकदाही पापणी मिटली नाही. दिवेलागणीपर्यंत दीड पानाची चार पानं झाली. "गप्प बसायला तुला काय झालं होतं रे मेल्या," एवढंच काकू म्हणाल्या आणि त्या दिवशी त्यांनी चहा विचारला नाही.

परशरामला आठवडाभर जेवण गेलं नाही. मग त्यानं विचार केला, की पुस्तकातून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेलं बरं. लोक हसायचेच असतील तर आपल्याबरोबर हसू देत. तो कडोलीच्या डेअरीवर बसला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. देवळाच्या कट्ट्यावर सांगितलं. मारुतीरावांना त्यांच्या घरी जाऊन नीलमच्या देखत सांगितलं, खोडरबर, स्टॅबिलायझर, नाड्या, काही राखून ठेवलं नाही. सांगताना तो रंगवायचाही चांगलं. डिसेंबर संपता संपता गावची पोरं त्याला 'झबलं' म्हणून हाक मारू लागली. नागुबाई नावाच्या म्हातारीनं त्याला रस्त्यात थांबवून, आमच्या टीव्हीवरचं फडकं काढू का रं, म्हणून मनापासून विचारलं. आणि मारुतीरावांनी घरचा बिघडलेला प्रिंटर निपाणीला दुरुस्तीला पाठवला.

संमेलनाच्या दिवशी परशराम सकाळीच टेबलापाशी गेला, 'नोंदणीकृत आयुष्य' उचललं आणि अनुक्रमणिकेवर बोट फिरवलं. मग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं.

'मला भेटलेले भामटे' हे प्रकरण पुस्तकात नव्हतं. वाढलेली पानं सोळा-सोळा पानांच्या फॉर्मात बसेनात म्हणून छापखान्यानं ते गाळलं होतं.