मोगऱ्याच्या पुडीची गाठ

ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशिकमधल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सरकारी दवाखान्यातून वर्दी आली. अकरावीतली मुलगी बेशुद्ध, श्वास मंदावलेला. तिने नेमकं काय घेतलंय ते लवकर शोधा, नाहीतर हातची जाईल, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं.

मुलीची आई मखमलाबादकडची, फुलांची शेती करणारी. तिने मुलीच्या दप्तरात सापडलेली केळीच्या पानाची रिकामी पुडी, गाठीच्या दोऱ्यासकट, टेबलावर ठेवली. मी ती बाजूला सारली. नशा म्हणजे गांजा आणि गांजा म्हणजे गोदाकाठ, एवढीच माझी अक्कल धावत होती. शिपाईही तिकडेच पिटाळले होते. बाई मात्र जागची हलेना.

"साहेब, ही गाठ बघा. आमी दोन वेढे देतो. कॉलेजच्या गेटावरला गजरेवाला तीन देतो आन् दोरा आत खोचतो. ही त्याचीच हाय."

इतका नेमका खबऱ्या मला उभ्या नोकरीत भेटला नव्हता.

दहा मिनिटांत गजरेवाला समोर होता. झडतीत काही मिळालं नाही. पुडी आपली नाही, मुलगी ओळखीची नाही, असं तो शपथेवर सांगत होता. मी आवाज चढवला नाही. त्याचीच टोपली पुढे सरकवून गजरा पुडीत बांधून द्यायला सांगितलं. हात सवयीने चालले. तीन वेढे, दोरा आत. मी जुनी पुडी शेजारी ठेवली, तसं त्याने सगळं कबूल केलं.

शेजारच्या औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, अफूसारखा अंमल करणाऱ्या वेदनाशामक कॅप्सूल तो गजऱ्याच्या पुडीतून पोरांना विकत होता. नाव कळताच मी दवाखान्यात फोन लावला. त्यावरचं इंजेक्शन गेलं आणि दिवेलागणीला मुलीने डोळे उघडले. औषध निरीक्षकांना घेऊन आम्ही दुकानाला सील ठोकलं. त्या दिवशी अख्ख्या ठाण्याने पेढे खाल्ले.

जबाब देताना मुलगी म्हणाली, "साहेब, मला वाटलं, औषधच तर आहे."

गांजाच्या मागे धावताना हे वाक्य मला कधी सुचलंच नव्हतं. त्यानंतर ज्या ज्या शाळेत नशेविषयी बोलायला गेलो, तिथे मी तिचं हे वाक्य आधी सांगितलं.

दसऱ्याला मायलेकी झेंडूचं तोरण घेऊन आल्या. ठाण्याच्या दारावर ते मुलीने स्वतः बांधलं. मी जवळ जाऊन गाठ पाहिली. दोन वेढे होते, घरचे.