कडक कॉलरचं नाव

इस्त्री तापेपर्यंत लाँड्रीवाल्या काकू रोज दुकानभर बोट फिरवत. "टेबल, कॉमन. कॉटन, मटेरियल. बंडल, कलेक्टिव्ह." मग दारात जांभई देणाऱ्या सुनेकडे बोट वळे. "लेझीनेस, ॲब्स्ट्रॅक्ट!"

"अहो आई, सकाळी सकाळी!" सून हसायची. नाउनचे प्रकार शिकवायला तीच बसली होती, तक्रार कुणाकडे करणार?

शाळा सुटली तेव्हा काकूंचा एकच विषय राहिला होता, इंग्रजी. लग्नानंतर दोनदा परीक्षेला बसल्या, दोनदा आपटल्या. आता केस पिकल्यावर पुन्हा बसत होत्या. "या वेळी नापास झाले तर पुस्तकाला हात लावणार नाही," असं त्यांनीच जाहीर केलं होतं, आणि काकू बोललेलं मोडत नसत.

बाकीचे प्रकार पटापट जमले. रंगीत इकडे, पांढरे तिकडे, अशी वाटणी करायची हातांना सवयच होती. गाडी अडली ती प्रॉपर नाउनवर, म्हणजे विशेषनामांवर. सुनेनं काही लिहायला सांगितली, तर काकूंनी ऐटीत आपली गिऱ्हाइकं लिहिली: कडक कॉलर, निळे पडदे, बटणतोड्या.

"आई, ही काय नावं झाली?"

"का गं? अख्ख्या गल्लीत कडक कॉलर एकच आहे!"

"पण त्यांचं खरं नाव काय?"

त्या माणसाच्या शर्टाची कुठली शिवण उसवते ते काकूंना पाठ होतं. नाव कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर नुसती धमाल. कडक कॉलर म्हणजे एरवी "झाले का?" याच्यापुढे न बोलणारा माणूस. काकूंनी नाव विचारताच त्याचा चेहरा उतरला.

"कुठला शर्ट जळला?"

"जळला नाही हो! परीक्षा आहे माझी. प्रॉपर नाउन हवंय."

त्यानं कॉलर सारखी केली आणि वर्गात उभा राहिल्यासारखं एकेक अक्षर सांगितलं. दुसऱ्या दिवशी येऊन विचारलंही, "पहिलं अक्षर मोठं काढलंत ना?" मग गल्लीच मागे लागली. "काकू, आमच्या कुत्र्याचं चालेल?" "चालेल की, आणा!"

निकालाच्या दिवशी कडक कॉलर कपडे न आणता, नुसताच येऊन उभा. सुनेच्या मोबाइलवर पान उघडता उघडेना. काकू एकाच बाहीवरून पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत होत्या.

"पास! आई, पास झालात!"

काकूंनी आधी इस्त्री उभी केली, मग सुनेला अशी मिठी मारली की मोबाइल कपड्यांच्या ढिगात गेला. बटणतोड्यानं रस्त्यावरूनच शिट्टी घातली. शेजारची दुकानं धावत आली.

गलका ओसरल्यावर कडक कॉलर घसा खाकरून म्हणाला, "आता तरी मला कडक कॉलर म्हणणार नाही ना?"

हे नाव आपणच त्याला सांगून बसल्याचं आठवून सुनेनं जीभ चावली. काकूंनी डोळे पुसत दोरीवरचा त्याचा शर्ट ओढला आणि विचारलं, "साहेब, कॉलरला खळ नेहमीइतकीच ना?"