जमादारांची सरकारी तिकिटं

आमच्या वटार गावच्या जमादारांनी जन्मात पत्त्याला हात लावला नाही. लग्नाच्या मांडवात पोरं रमी खेळायला बसली, की ते उठून अंगणात जायचे. पोलिसात असताना मटक्याच्या अड्ड्यांवर त्यांनी सारख्या धाडी घातल्या आणि त्यातली एकही कामाची ठरली नाही, असं तेच सांगत. "आम्ही पोचायच्या आधी आमच्याच चौकीतून निरोप गेलेला असायचा. धरलेला माणूस जामिनावर सुटून मलाच हसून नमस्कार करायचा."

त्यातून त्यांचं एक मत बनलं. "जुगार बंद होत नसतो. सरकारनं तो उघड चालवावा. निदान फसवणूक नाही, गुंड नाहीत, आणि पैसा शाळा-रस्त्यांना लागेल." हे ते इतक्या प्रामाणिकपणे बोलत, की चर्चचे फादरही वाद घालत नसत. निवृत्त झाल्यावर त्यांनी नालासोपारा स्टेशनबाहेर सरकारी लॉटरीचा स्टॉल टाकला. निकालाचं पत्रक ते स्वतः मोठ्यानं वाचून दाखवत. कुणी गमतीनं "जमादार, तुम्हीपण धंद्याला लागलात?" म्हटलं, तर त्यांना राग यायचा. "धंदा नाही. कायदा आहे हा."

त्यांचा धाकटा भाऊ इनास केळीची वाडी करायचा. हाताला गुण असलेला माणूस, पण पुरता मटक्याच्या नादी लागलेला. जमादारांनी एकदा त्याला अड्ड्यावरून दंडाला धरून बाहेर काढलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "हात शिवशिवतच असतील तर माझ्याकडून तिकीट घे. चोरासारखा खेळू नकोस."

इनासनं दादाचं ऐकलं. मटका सुटला. गावानं जमादारांचं कौतुक केलं. पण आधी एक तिकीट घेणारा इनास पुढे गड्ड्याच्या गड्ड्या घेऊ लागला. जमादारांनी द्यायचं थांबवलं, तर शेजारच्या स्टॉलवरून. त्याची बायको मरी फादरकडे गेली, चौकीवर गेली. सगळीकडे उत्तर एकच : सरकारी आहे, आम्ही काय करणार?

तिकिटांच्या कर्जापायी वाडी बिल्डरला गेली, त्या संध्याकाळी मरी जमादारांच्या ओटीवर आली. मी तिथंच बसलो होतो. ती रडली नाही.

"दादा, मटका होता तेव्हा तो लपून खेळायचा. घरी आला की मान खाली असायची. ती लाज तुम्ही काढून घेतलीत."

पुढे पावसाळ्यात इनास खाडीत सापडला. मातीच्या दिवशीही मरी जमादारांकडे न बघता पुढे गेली.

त्यांनी स्टॉल बंद केला. गावातल्या तरुणांनी लॉटरी बंद करा म्हणून अर्ज लिहिला, पण सही करायला जमादारांनी नकार दिला. "बंद झालं की अड्डे भरतील. मी बघितलंय ते." मग सुरू ठेवायची का, असं पोरांनी विचारलं. त्यांनी अर्ज घडी करून पोरांच्या हातात परत दिला.

शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "मी त्याला तिकीट दिलं नसतं, तर इनास वाचला असता?"

"नाही, जमादार. तो परत मटक्यावरच गेला असता," मी म्हणालो. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"म्हणजे तो दोन्हीकडून गेलाच असता. मग मी जन्मभर केलं काय रे?"

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी उठलो तेव्हाही ते तसेच होते.