पिंपळगावला तीन हंगाम उशिरा

प्रबंध सादर करायला बारा दिवस उरले असताना सरांनी शेवटच्या प्रकरणावर पेन्सिलीनं लिहिलं, 'प्रत्यक्ष वापराचा एक फोटो टाका.' त्या फोटोसाठी २००७च्या फेब्रुवारीत मी पुण्याहून पिंपळगाव बसवंतला निघाले. माझे मामा तिथल्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर. निर्यातीच्या खोक्यात बुरशी लागू नये म्हणून एक पांढरा कागद ठेवतात, त्यातल्या क्षारातून गंधकाचा वायू हळूहळू सुटतो. तो नेमका कसा सुटतो, हे मी चार वर्षं संगणकावर अणू आणि इलेक्ट्रॉन मांडून शोधत होते. कागद मात्र कधी हातात घेतला नव्हता. मामा दर हंगामात "ये गं एकदा" म्हणायचे आणि मी "कॅल्क्युलेशन चालू आहे" म्हणायचे.

शिवाजीनगरहून सकाळची एसटी पकडा, तिकीट तेव्हा दीडशेच्या आत होतं. डावीकडची खिडकी धरा, उजवीकडे ऊन भाजून काढतं. नाशिकला मिसळ खा आणि पापड मागून घ्या. तिथून पिंपळगावपर्यंत आग्रा रोडला द्राक्षांच्या टेम्पोंमागे तास जातो. आणि पॅकहाऊसमध्ये स्वेटर न्या, द्राक्षांसाठी आत गारठा ठेवतात; मी नेला नाही आणि कुडकुडले.

आत लांबलचक टेबलांशी बायका कात्रीनं खराब मणी काढत होत्या. त्यांच्यातल्याच चंद्रकलामावशी खोकी भरत होत्या. मी कागदाचं नवं पाकीट फोडलं, फोटो काढला, मग नाकाशी धरलं. वासच नाही.

मावशी हसल्या. "कोरड्याला कुठला वास यायचा? घडाचा ओलावा लागू द्या, मग बघा. अन् लय दमट झाला तर मणी पांढरे पडत्यात, कामाचे नाय राहत."

माझ्या साऱ्या मांडणीत पाण्याचा एक रेणूसुद्धा नव्हता. क्षाराचा कोरडा, स्वच्छ पृष्ठभाग आणि भोवती पोकळी. पाणी घेतलं की अणू वाढतात, एकेका उत्तराला महिना लागतो, म्हणून पहिल्या वर्षी 'नंतर बघू' म्हटलं होतं. ते नंतर आलंच नाही.

"मी तुला पहिल्याच वर्षी फोनवर सांगितलं व्हतं," मामा म्हणाले. "कागद ओलसर झाला का मगच काम करतो. तू म्हणलीस, हो हो."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

पुण्यात सरांना सांगितलं. ते म्हणाले, "पाणी घेतलंस तर आणखी दीड वर्ष." फेलोशिप संपली होती, परदेशातली जागा ठरली होती. मी एक ओळ लिहिली: 'आर्द्रतेचा परिणाम येथे विचारात घेतलेला नाही.' खाली फोटो चिकटवला. आभाराच्या पानावर मामा आहेत, दरवर्षी द्राक्षं पाठवल्याबद्दल. ते पान बदलता आलं असतं. बदललं नाही, कारण मग ओलाव्याचं मामांनी आधीच सांगितलं होतं, हे लिहावं लागलं असतं. याची लाज अजून वाटते.

तुम्ही जाणार असाल तर काम सुरू करायच्या आधी जा. 

प्रबंधाची एक प्रत मामांना पोस्टानं पाठवली. आठवड्यानं फोन आला. इंग्रजी त्यांना येत नाही, पण फोटोतलं टेबल ओळखलं म्हणून खुशीत होते.

"अन् ते पाणी धरलंस ना त्यात?" त्यांनी विचारलं.

"हो हो," मी म्हणाले.