अजून न सापडलेला क्वार्क

आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. रविवारचा चहा, दोन-तीन वडीलधारे आणि फिजिक्समध्ये पीएचडी करणारी एक बिनलग्नाची पोरगी, एवढं पुरतं! त्यात यंदा, म्हणजे १९९० साली, मला दोन वर्षं परदेशातल्या प्रयोगशाळेत जायचं होतं आणि बाबांनी अजून 'हो' म्हटलं नव्हतं.

* * *

रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले देशकर काका म्हणाले, "काय शोधून राहिली वो तू?"

"एक क्वार्क, काका. अणूच्या आतल्या कणांचाही आतला कण. पण चांदीच्या अख्ख्या अणूएवढा जड असेल म्हणतात."

"दिसला कोणाले?"

"नाही. पण त्याचा जोडीदार सापडलाय, म्हणजे हाही असणारच."

काका बाबांकडे वळले. "पाहा! कणाले बी जोडीदार लागते. अन् हिले नाही लागत!"

* * *

मी एकदा सांगितलं, तिथे यंत्रात कण एकमेकांवर आदळवतात आणि आमच्या गटातले लोक पाळीपाळीने लक्ष ठेवतात; गेले की मीही ठेवीन. काका सरसावून बसले.

"म्हणजे शिफ्ट हाय? ए, बी, सी?"

"तिन्ही."

"मंग काम हाय म्हना हे! मले वाटलं, नुसती शिकूनच राहिली."

चार वर्षं समजावून जे जमलं नव्हतं, ते एका शिफ्टनं केलं! माझं डोकं असं तापलं!

* * *

दुर्गहून मला पाहायला आलेल्या मुलाच्या वडिलांनी विचारलं, "चार वर्षांत काय सापडलं?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "त्यावर आमचा पेपरही छापून आला!"

पोहे तसेच राहिले. आई नंतर चिडली, "थोडं खोटं बोलली असती तर काय झालं असतं?"

"आई, खोटंच बोलायचं असतं तर क्वार्क केव्हाच सापडला असता!"

* * *

शेवटी काकांनी बाबांना सरळच विचारलं, "कावून धाडता पोरीले? 'नाही सापडलं' हे सांगाले दोन वर्षं?"

बाबा इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये रेल्वेचे तयार रूळ तपासतात. यंत्र लावून आतली भेग शोधायची. नाही मिळाली की 'दोष नाही' लिहून सही करायची. त्यांनी माझा पेपर मागितला.

"कुठवर पाहिलं?"

मी आलेखावरची रेघ दाखवली. "इथपर्यंतच्या वजनात तो नाही. पुढचं पाहायला तिथे जावं लागेल."

"खात्री?"

"शंभरात पंचाण्णव. उरलेले पाचही लिहिलेत, बाबा."

बाबांनी चष्मा काढला. "गार्डसाहेब, जन्मभर तुम्ही गाडी कशाच्या भरवशावर नेली? कोणाच्या तरी 'नाही सापडलं'वरच ना?"

काकांनी कपातला उरलेला चहा संपवला. मग माझ्याकडे वळले.

"पोरी, तिकडे थंडी राहते. स्वेटर घेजो."