तीन नंबरच्या पंपाचं पाणी

गोपाळराव निगुडकर गळणाऱ्या पंपापाशी आले की आधी पंपाकडे बघत नसत, माणसांकडे बघत. गळतंय कुठून हा त्यांच्या लेखी दुय्यम प्रश्न. गाढवपणा कुणी केला हा मुख्य. पणजोबा देवासच्या धाकट्या पातीच्या दरबारात फौजदारी कारकून होते, ते रक्तात उतरलं असावं. सोयाबीनच्या कारखान्यात फिटर म्हणून काढलेल्या एकतीस वर्षांत त्यांनी एकही सील आपल्या मरणानं मरू दिलं नव्हतं. प्रत्येकाचा खुनी हजर केला होता.

सील म्हणजे तशी फार मोठी भानगड नाही. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर फिरतात आणि त्यांच्यामध्ये थंड पाण्याचा पातळ थर असतो. तेवढ्यावर आतलं उकळतं पाणी आत राहतं. गोपाळराव मेलेलं सील हातात घेत, चकतीवरून अंगठ्याचं नख फिरवत आणि निकाल देत. ओरखडे असले तर पाण्यात कचरा. झीज वाकडी असली तर पंप आणि मोटर एका रेषेत नाहीत. बारीक तडे असले तर थंड पाणी तुटलं. या निकालावर अपील नसे. त्यांची स्कूटर लांबून दिसली की ऑपरेटर लोक उगीच काहीतरी पुसायला लागत.

त्या वर्षी नवरात्रात पंपघराच्या दाराशी देवीची घुमटी बसवली. यंत्रं सुखरूप राहावीत एवढाच हेतू. अभिषेकाला पाणी लांबून आणावं लागे, म्हणून गोपाळरावांनी हौसेनं जवळच्याच पाइपातून एक फाटा काढून नळ बसवून दिला. सगळ्यांनी वाहवा केली. दर शुक्रवारी अभिषेक होई, मग ओटा धुतला जाई, मग तुळशीला पाणी, मग कुणाची तरी मोटरसायकल.

दिवाळीनंतर तीन नंबरचा पंप सील खायला लागला. पहिलं शुक्रवारी गेलं, दुसरं पुढच्या शुक्रवारी. चकत्यांवर बारीक तडे. दुसरा कुठला पंप असता तर गोपाळरावांनी नख लावताच सांगितलं असतं, पाणी तुटलं. पण इथे थंड पाण्याची लाइन त्यांनी स्वतः टाकली होती, आणि तिच्यावर शंका घेण्यापेक्षा त्यांनी स्वतःच्या जन्मतारखेवर घेतली असती. "माल कच्चा आहे," असा निकाल लागला.

माल धीरज साठ्याचा. ए. बी. रोडला एका खोलीत त्याचं दुकान, आणि ते चाले या एकाच कारखान्याच्या जिवावर. तो धावत आला. "काका, माल एक नंबर आहे, कसम से. दोन नंबरच्या पंपावर हेच सील दीड साल से चालू आहे ना!"

"म्हणजे तेव्हा चांगला माल देत होतास," गोपाळराव म्हणाले.

कारखान्यानं समिती नेमली. बिघाडाची कारणं शोधायची शास्त्रीय रीत म्हणून समितीतल्या शुद्ध शाकाहारी मंडळींनी फळ्यावर माशाचा सांगाडा काढला आणि काट्याकाट्याला एकेक कारण टांगलं. शेवटी कुणीतरी हळूच नजर लागल्याचं सुचवलं, आणि अभिषेक मंगळवारीही करायचं ठरलं. पुढच्या आठवड्यात सील मंगळवारीही गेलं. तेव्हा भक्ती कमी पडतेय असं समजून शुक्रवारचा अभिषेक तीन तासांचा केला. तरी गुण येईना, म्हणून धीरजला काळ्या यादीत टाकायचा कागद तयार झाला. शुक्रवारी अकराला त्यावर गोपाळरावांची सही व्हायची होती.

त्या शुक्रवारी गोपाळराव उजव्या हातात प्रसाद घेऊन चप्पल घालत होते. तोल सावरायला त्यांनी डावा हात सीलच्या पाइपावर टेकला आणि ओरडून मागे घेतला. थंड पाण्याचा पाइप तव्यासारखा तापला होता. घुमटीचा नळ धो धो वाहत होता. त्यांनी नळ बंद केला; पाइप हळूहळू निवला. पुन्हा सोडला; पुन्हा तापला. नखाची गरजच नव्हती.

गोपाळरावांना लाज वाटली. एकतीस वर्षांत वाटली नव्हती एवढी वाटली. मग लगेच असंही वाटलं, की आत्ता फाट्याला गुपचूप बूच मारलं आणि त्या कागदावर सही केली, तर दुसऱ्या दुकानाचं सील नीट चालेल आणि आपला निकाल खरा ठरेल. हा विचार त्यांच्या मनात चांगली पाच मिनिटं बसून होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

अकराला त्यांनी समितीपुढे सगळं सांगून टाकलं. बडे साहेब घाबरले. "निगुडकरजी, माताजी का नाम रिपोर्ट में कैसे डालें? सील ही लिख दो, क्या फ़र्क पड़ता है?"

"माताजी का नहीं, मेरा डालिए," गोपाळराव म्हणाले. "फाटा मी काढला. सील अच्छी थी."

समितीला हायसं वाटलं. वरिष्ठ फिटरची चूक हे कारण सांगाड्यावर नव्हतंच. त्यासाठी एक नवा काटा काढावा लागला.

धीरज फाटकापाशी नव्या सीलचा खोका मांडीवर घेऊन बसला होता. गोपाळराव त्याच्या शेजारी बसले. "पाणी तुटत होतं रे. माझ्याच लाइनमध्ये. तुझं नाव कागदातून काढलंय."

धीरजनं मोठा श्वास सोडला, पण आश्चर्य काही त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. "मालूम आहे, काका. तिसऱ्याच शुक्रवारी मी पाइपाला हात लावून बघितला होता."

"मग बोलला का नाहीस? अरे, दुकान बसत होतं तुझं!"

धीरज खोक्याची दोरी चाचपत राहिला. "ऑपरेटर लोगांना पण मालूम होतं, काका. सगळ्यांनाच होतं. पण लाइन तुमची होती. तुम्हाला कोण सांगणार?"