बादशहाला न मिळालेल्या चाव्या

दिवाळी झाली की आमची गल्ली ऊसतोडीला निघते. ट्रॅक्टरमध्ये चढण्याआधी जो तो घराला कुलूप लावून चावी माझ्याकडे आणून देतो. "गुरुजी, तुमचा लई आधार हाय."

यंदा सगळे गेल्यावर मी केजच्या वाचनालयातून फ्रेंच बादशहाच्या रशियावरच्या स्वारीवरच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद आणला. मॉस्कोच्या वेशीशी पोचल्यावर बादशहा थांबतो. कुणीतरी शहराच्या चाव्या घेऊन शरण येईल, म्हणून वाट बघतो. कुणीच येत नाही. शहर रिकामं झालेलं असतं.

मला त्याचा रागच आला. अरे बाबा, चाव्यांचं काय घेऊन बसलास? इथं अख्ख्या गल्लीच्या चाव्या माझ्या खुंटीला आहेत, आणि चहाला हाक मारावी असं एक माणूस नाही.